चौथ्या ठोक्यावर

मोहम्मद बिन झायद सिटी, अबुधाबी
१६ नोव्हेंबर

कैवल्य,

आशीर्वाद आहेतच, ते गृहीत धर आणि पुढचं नीट वाच.

तू काल पुन्हा डावीकडे बघितलं नाहीस.

मॅच मी मुद्दाम लावली नव्हती. तुझी बहीण मैथिली टीव्ही चालू ठेवून रिमोटसकट उठून गेली, आणि या घरातल्या टीव्हीला बंद करायचं बटण कुठे आहे ते मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. म्हणून बसावं लागलं. तीन तास. तुमच्या या अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाने बॉल फार क्वचित मारतात, मग त्याला फुटबॉल का म्हणायचं, असं मी मैथिलीला ओरडून विचारलं. "आजोबा, जस्ट वॉच," असं उत्तर मिळालं. बघितलं.

पत्र लिहितोय याचं हसू येईल तुला. दुबई इथून दीड तासावर. पण तू फोन उचलत नाहीस आणि मेसेज पाठवला की अंगठा येतो. परवा मी तुला तासभर खपून चांगला मोठा मजकूर टाईप केला. उत्तर काय? अंगठा! अरे, मी काय पावती मागितली होती? कागदाला असा अंगठा दाखवता येत नाही, एवढाच माझा हेतू. या देशात दारावर पोस्टमन येत नाही, म्हणून तुझ्या क्लबच्या पोस्टबॉक्सवर पाठवतोय. कधीतरी उघडत असतील.

सप्टेंबरात तू बॅग उचलून दुबईत जुमेरा लेक टॉवर्सला राहायला गेलास, त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी जे झालं ते मी विसरलेलो नाही. निनाद म्हणाला, "अमेरिकेत शिकवलं ते डोक्यावर टोपडं घालून लोकांच्या अंगावर पडायला?" तू म्हणालास, "बाबा, एक सीझन द्या. सीझन संपताना टीमने मला नंबर वन क्वार्टरबॅक केलं नाही, तर खलास. फर्स्ट मार्चला शर्ट इन करून तुमच्या ऑफिसात." निनाद म्हणाला, "शब्द?" तू म्हणालास, "शब्द." आभा मध्ये भाताचं पातेलं घेऊन उभी होती, तुझी आई असून तिला कुणी बसही म्हटलं नाही. त्यानंतर बाप-लेक बोललेले नाहीत. निनादच्या कंपनीतली ती जागा तुझी वाट बघतेय आणि तू तिकडे बॉल हातात धरून वाट बघतोयस.

तेच सांगायला बसलो होतो. तो टेक्सासचा चौतीस वर्षांचा डेन्टन गुडघा धरून बसला, म्हणून बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जागी तुला उभं राहायला मिळालंय. नशिबाने मिळालंय, हे विसरू नकोस. तुझा खांदा देवाने दिला आहे, यात वाद नाही. दुसऱ्या सत्रात तू तो लांबचा बॉल फेकलास ना, तो हवेत असताना मला लांज्याच्या आमच्या शाळेच्या पटांगणावरून संध्याकाळी जाणारी बगळ्यांची रांग आठवली. सातवीच्या वर्गात मी कविता म्हणत असे आणि खिडकीतून ती रांग दिसली की सगळा वर्ग माना वर करी. मीही करत असे. तसा गेला तो बॉल, घाई न करता. खाली तुमचा माणूस अगदी वेळेवर पोचला.

आणि पुढच्याच खेपेला काय? बॉल हातात, आणि तू उभा! समोरून चार रेडे धावत येतायत, तीन सेकंदांत चार जणांकडे बघून एकाला निवडायचं, हे मला मैथिलीने शिकवलं, तुला कुणी शिकवलं नाही का? तू उजवीकडे बघतोस, मध्ये बघतोस, पुन्हा उजवीकडे बघतोस. डावीकडे तुमचा माणूस मोकळा. खांदा देवाने दिला, ती मान कुणी दिली? ती डावीकडे वळतच नाही.

आभाने विचारलंय, जेवतोस का. उत्तर अंगठ्याने दिलंस तरी चालेल, ती सोशिक आहे.

आजोबा

*

३० नोव्हेंबर

कैवल्य,

तुझं उत्तर पोचलं. "चिल आजोबा. रीड्स आर फाइन." पाच शब्द! आणि त्यातला मराठी एकच, तोही माझंच नातं.

रीड्स म्हणजे म्हणे कुणाकडे फेकायचं ते बघणं. ते फाइन आहे तर दोहाच्या संघाने काल तुला जमिनीवर का लोळवलं? एकदा नाही, दोनदा नाही. तो एकावन्न नंबरचा तर तुझ्याआधी तुझ्या जागी पोचत होता. तू बॉल घेतोस न घेतोस तोच तो तुझ्या अंगावर. कॉमेंटरीवाला म्हणत होता, "ही इज रीडिंग हिज माइंड." म्हणजे तो तुझ्या मनातलं वाचतो. मला इतकी वर्षं जमलं नाही ते त्याला एका संध्याकाळात जमलं.

घरचं सांगतो. आभा मॅच बघत नाही. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहते आणि तू पडलास की नळ जोरात सोडते. निनादही बघत नाही. त्याला नेमकी त्याच वेळी इस्त्री आठवते. इस्त्रीचं टेबल तो हॉलमध्ये आणून टीव्हीच्या समोर मांडतो, कारण म्हणे तिथला प्लग चांगला आहे. काल एकच शर्ट चार वेळा झाला. मी म्हटलं, "अरे, जळेल." तर म्हणाला, "बाबा, तुम्ही तुमचं बघा." मी माझंच बघत होतो. म्हणजे तुला.

बघत होतो असं म्हणतो, पण खरं तर ऐकत होतो. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकायला आलाय. हिरव्या मैदानावर मला रंगीत मुंग्या दिसतात, तुझी मान कुठे वळली ते मैथिली सांगते. पण कान शाबूत आहेत. मैदानात कुठेतरी माइक लावलेला असतो, त्यातून तुझं ओरडणं स्वच्छ ऐकू येतं. बॉल हातात येण्याआधी तू जे रंग आणि आकडे ओरडतोस ते. अर्थ मला कळत नाही. पण काल एक गंमत झाली. माझा हात आपोआप मांडीवर पडायला लागला. तू ओरडायला लागलास की हात पडे. का ते मला कळेना. रात्रभर आठवत होतो, हे कुठे ऐकलंय.

तुझी ती नवी जर्सी मैथिलीने दुकानात पाहिली. दोनशे दिरहॅम. म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये, आणि बाही अर्धी! पाठीवर आपलं आडनाव होतं म्हणाली. घेतली नाही. निनादने विचारलं, "एक्सएल होती का?" का विचारलं, कुणास ठाऊक.

आजोबा

*

७ डिसेंबर

कैवल्य,

सापडलं.

उभ्याने लिहितोय, बसवत नाही. हे पत्र वाचलंस की दुसरं काही करू नकोस, आधी तुझ्या कोचकडे जा.

तू लहान होतास, चारेक वर्षांचा. इथेच, याच घरात. दूध पीत नसायचास. मी तुझ्यासमोर कप ठेवून टाळ्या वाजवत एक ओळ म्हणायचो. माझीच होती, शाळेत मुलांना भुजंगप्रयाताची चाल कळावी म्हणून जुळवलेली.

दुधाची मिशी ही कुणाची कुणाची

एक लहान, दोन लांब. लगागा, लगागा, लगागा, लगागा. चार वेळा. आणि चौथ्या 'लगागा'ला तू कप तोंडाला लावायचास. बरोबर शेवटच्या 'गा'वर. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. आभा म्हणायची, "बाबा, याला घड्याळ लावलंय का?"

कैवल्य, तू अजून तेच करतोयस!

रंग ओरड, आकडे ओरड, इंग्रजीत ओरड, तुझी चाल तीच आहे. एक लहान, दोन लांब, चार वेळा, आणि चौथ्या ठोक्यावर तो तुमचा वाकलेला माणूस दोन पायांमधून बॉल मागे देतो. प्रत्येक वेळी. काल मैथिलीने मला जुन्या मॅचेस लावून दिल्या. मी डोळे मिटून बसलो. चौथी टाळी वाजवली की बॉल निघालेला! मैथिली आधी हसत होती. मग म्हणाली, "आजोबा, दॅट्स क्रीपी." मग तिने तीच मॅच मागे नेऊन स्वतः वाजवून बघितली. इस्त्री थांबली होती.

आता तूच सांग. मला अबुधाबीत सोफ्यावर बसून डोळे मिटून कळतं, तर तुझ्यापासून चार हातांवर उभ्या असलेल्या त्या एकावन्न नंबरच्या रेड्याला कळणार नाही? तो तुझ्या मनातलं वाचत नाही रे. तो वृत्त ओळखतो. वृत्ताचं नाव त्याला ठाऊक नसेल एवढंच.

माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत भुजंगप्रयात इतका पक्का कुणाला बसला नव्हता. मला अभिमान वाटावा की डोकं आपटून घ्यावं, हे ठरत नाहीये. आधी चाल बदल.

आजोबा

*

१५ डिसेंबर

कैवल्य,

धन्य तुझा क्लब.

आठ दिवस उत्तर नाही, म्हणून मी आज सकाळी तुझ्या क्लबच्या ऑफिसात फोन लावला. नबिला नावाची मुलगी बोलली. गोड आहे. मी माझ्या हिंदीत विचारलं, "बेटी, मेरा पत्र आया क्या?" ती म्हणाली, "अंकल, इस महीने से फॅन मेल हम सीझन एंड में देते हैं." मी म्हटलं, "मैं फॅन नहीं हूँ! मैं उसका आजोबा हूँ, और उसकी सारी गलती उस लिफाफे में है!" ती जरा घाबरली असावी. "ओके अंकल, यल्ला, अभी देती हूँ," म्हणाली.

आणि संध्याकाळी तुझा मेसेज. "व्हॉट. आजोबा आर यू शुअर." मग अर्ध्या तासाने दुसरा, "ओ माय गॉड." मग तिसरा, चक्क मराठीत, "कोचच्या व्हिडिओला साउंडच नसतो. आम्ही सगळे म्यूटवरच बघतो."

हे वाचून मी कपाळाला हात लावला. तुमच्याकडे खेळाचा अभ्यास करायला माणसं आहेत, कॉम्प्युटर आहेत, तू पायाचा अंगठा कुठे टेकवतोस त्याची आकृती निघते. आणि तुझा आवाज कुणी ऐकला नाही? समोरचे ऐकत होते ना! त्यांना व्हिडिओची गरज काय, ते तिथेच होते.

असो. आता शनिवारी मस्कत. बदल ती चाल. कधी दुसऱ्या ठोक्यावर घे, कधी पाचव्यावर. त्यांना खुळं करून टाक.

इथे सकाळी धुकं पडतंय, समोरची मशीद दिसत नाही. मला वाटलं, दुसरा डोळाही गेला. आभा म्हणाली, "बाबा, धुकं आहे." बरं वाटलं.

आजोबा

*

२१ डिसेंबर

कैवल्य,

काल तू फोन केलास. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. आणि पहिल्यांदाच मला कळलं की तुला मराठीत किती चांगलं ओरडता येतं.

मी लिहून ठेवतोय, कारण तू ओरडत असताना मला मध्ये बोलता आलं नाही.

तू म्हणालास, "तुमचं ऐकलं आणि माझी वाट लागली! मी दुसऱ्यावर बॉल मागितला, माझेच लोक चौथ्यासाठी थांबलेले. पाचव्यावर मागितला तर तेच आधी हलले. आमचेच हलले आजोबा, आमचे! दर वेळी पेनल्टी, दर वेळी पाच यार्ड मागे. कोचने मला सगळ्यांसमोर बाहेर काढलं. त्या डेन्टनला एका पायावर उभं केलं, पण मला नाही ठेवलं."

मी म्हटलं, "अरे, पण तू त्यांना आधी सांगितलं नव्हतंस का?"

तू म्हणालास, "चार दिवसांत काय सांगू? त्यांनाही सवय लागलीय त्या तुमच्या मिशीची!"

मग तू ठेवून दिलास.

मला राग आला. खूप आला. माझा सल्ला चाल बदलायचा होता, सोबतच्यांना न सांगता बदलायचा नव्हता. वर्गात एका मुलाने चाल बदलली आणि बाकीच्यांना सांगितलं नाही, तर त्याला कविता म्हणत नाहीत, गोंधळ म्हणतात. हे तुला चौथीतल्या पोराने सांगितलं असतं. आणि तुझ्या त्या कोचला? त्यालाही काही बोलायचं नाही का? चार दिवस तो काय करत होता, म्यूटवर बघत होता?

हे सगळं मी आभाला मोठ्याने बोलून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, पण तो बोलला ना तुमच्याशी." आणि भाजी चिरत राहिली. नळ सोडला नाही.

मॅच संपल्यावर निनाद बाल्कनीत जाऊन उभा राहिला. इस्त्री तशीच चालू. मी उठून बंद केली. ते बटण मला सापडलं, हे नोंदव.

आजोबा

*

११ जानेवारी

कैवल्य,

नवीन वर्ष लागलं. तीन आठवडे रागावलो होतो, म्हणून लिहिलं नाही. तू रागावला होतास म्हणून फोन केला नाहीस. या घराण्यात राग वाटून घ्यायची पद्धत नाही, प्रत्येकाला आपला वेगळा लागतो.

आता ऐक. तू बाहेर बसलास आणि डेन्टनचा गुडघा पुन्हा सुजला, म्हणून उरलेल्या मॅचला तूच आहेस, हे मैथिलीकडून कळलं. शेवटची मॅच इथे, अबुधाबीत. त्यानंतर कोच ठरवणार, पुढच्या वर्षी नंबर वन कोण. म्हणजे एकच संध्याकाळ आहे तुझ्या हातात. मग मार्च आणि शर्ट.

मी विचार केला. चाल बदलू नकोस. तीच ठेव. सगळ्या लीगला ती पाठ झालीय, तर होऊ दे ना.

लांज्याला मी एक खोडी करत असे. सगळा वर्ग कविता म्हणतोय, अर्धी मुलं झोपेत. मी पुढच्या बाकांना आधीच सांगून ठेवलेलं असे की तिसऱ्या चरणात मी हात वर केला की गप्प व्हायचं. हात वर केला की पुढचे गप्प, आणि मागचे झोपाळू तसेच पुढे म्हणत जायचे, एकटेच, मोठ्याने. किसन नावाचा एक होता, तो दर वेळी सापडायचा. पुढे तो पंचायत समितीत गेला, तो भाग वेगळा.

तसं कर. तुझ्या दहा माणसांना आधी सांग. चौथा ठोका येऊ दे, आणि बॉल घेऊच नकोस. त्या एकावन्न नंबरच्यासारखा कुणी असेल तो उडी मारेल. एकटाच. मोठ्याने.

आजोबा

ता. क. हे टाकायला निघालो तेवढ्यात तुझा फोन आला, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. मी आनंदाने खोडी सांगितली. तू म्हणालास, "आजोबा, याला हार्ड काउंट म्हणतात. हे शंभर वर्षांपासून आहे. सगळे करतात." मी म्हटलं, "मग तू का करत नाहीस?" मग म्हणालास, "कारण माझी चाल त्यांना पाठ झालीय, हे मलाच माहीत नव्हतं." एवढं सरळ वाक्य तुझ्याकडून येईल, असं वाटलं नव्हतं. मी लगेच फोन ठेवला, तू ते बिघडवायच्या आत.

*

१ फेब्रुवारी

कैवल्य,

काल आम्ही आलो होतो. तुला सांगितलं नव्हतं. आभा, मैथिली आणि मी. निनादने फक्त सोडलं. पार्किंग मिळत नाही, मी गाडीत बसतो, म्हणाला. मॅच सुरू झाल्यावर मैथिलीने मला कोपराने ढोसलं. तो खाली जाळीपाशी उभा होता, तुझ्या बाकांच्या मागे. मैथिली म्हणाली, त्याच्या हातात गाडीची किल्ली आहे आणि पार्किंगचं तिकीटही. म्हणजे पार्किंग मिळालं होतं.

मला दिसत काहीच नव्हतं. आभा मला सांगत होती. कोण म्हणतं ती बघत नाही? "आता आपला बॉल आहे बाबा. आता चौथी संधी, शेवटची. तीन यार्ड हवेत. नाही मिळाले तर बॉल त्यांचा." इतकं तिला कधीपासून कळायला लागलं, ओट्याकडे तोंड करून?

मग तू ओरडायला लागलास. सगळं स्टेडियम गजबजलेलं, पण मी तुझा आवाज वेगळा केला. लगागा. लगागा. लगागा. मी श्वास धरला. चौथा लगागा आला, माझी टाळी पडली, आणि बॉल जागच्या जागी! तू हललाच नाहीस. तुझे दहाच्या दहा पुतळ्यासारखे. आणि समोरचा तो भला मोठा माणूस रेषा ओलांडून तुमच्यात येऊन पडला, तोंडावर. आभा माझ्या दंडाला धरून किंचाळली. "बाबा, उडी मारली त्याने! पाच यार्ड! पाच यार्ड मिळाले!" शेजारी एक अमीराती गृहस्थ बसले होते, फहद म्हणून. त्यांनी मला विचारलं, "यू नो दिस बॉय, हबीबी?" मी म्हटलं, "ही ड्रिंक्स मिल्क ऑन द फोर्थ." ते मान हलवून हसले. काय समजले, देव जाणे.

तिथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण पुढची खेप होती. शेवटची वीस सेकंदं. तुम्ही मागे, एक फेक पोचली तर जिंकलात. तू बॉल घेतलास. आणि काय केलंस? डावीकडे बघितलंस! अख्ख्या सीझनमध्ये पहिल्यांदा! मान अशी वळवलीस की मोतीबिंदूतूनही मला दिसली. आणि डावीकडेच फेकलास. डावीकडे त्यांचे दोघे उभे होते. उजवीकडे तुमचा तो लांब केसांचा पोरगा एकटा उभा राहून दोन्ही हात हलवत होता. आभा म्हणाली, टॅक्सी थांबवतात तसे.

बॉल त्यांच्या हातात गेला. खलास.

मी काय बोलू? नोव्हेंबरपासून डावीकडे बघ, डावीकडे बघ म्हणून डोकं खाल्लं, ते ऐकायला तुला हीच वेळ सापडली? बघ म्हटलं होतं रे. फेक कुठे म्हटलं होतं?

तू मैदानात गुडघ्यावर बसलास तेव्हा मी निनादकडे बघायला सांगितलं. आभा म्हणाली, "तो जाळीला धरून आहे." आम्ही गाडीशी आलो तर तो आधीच आत, एसी लावून. सगळ्या रस्त्यात एकच वाक्य बोलला. "त्याचे बूट घसरत होते, नवीन घ्यायला हवेत."

आजोबा

*

१३ फेब्रुवारी

कैवल्य,

हे पत्र पोस्टबॉक्सवर जाणार नाही. मैथिली फोटो काढून पाठवेल. "फायनली, आजोबा," म्हणाली. म्हणू दे. आज घाई आहे.

सकाळी तुझा मेसेज आला, सगळ्या घराला मिळून. नंबर वन डेन्टन, एकमताने. तुला पुढच्या वर्षी दुसऱ्या जागेचा करार देऊ केलाय, तू सही केलेली नाहीस. शब्द म्हणजे शब्द. "जॉइनिंग फर्स्ट मार्च. बॉट शर्ट्स." खाली तीन पांढऱ्या शर्टांचा फोटो, घड्या न मोडलेल्या.

आज शुक्रवार, निनादला अर्धाच दिवस, म्हणून तो निवांत पोहे खात होता. त्याने फोन वाचला आणि पालथा ठेवला. आभाने आधी वाचला होता, ती पदराने... नाही, पदर कुठला, ओढणीने डोळे टिपत होती. मी वाट बघत होतो. शेवटी तीच म्हणाली, "अरे, बोल ना काहीतरी. जिंकलास ना तू?"

निनाद म्हणाला, "कुठलं जॉइनिंग? ती जागा भरून दोन महिने होत आले. कोची साइडचा एक मुलगा आलाय. चांगला आहे."

मी चमचा खाली ठेवला. "दोन महिने? कुणी भरली?"

"मीच कळवलं एचआरला, माझा मुलगा येणार नाही म्हणून."

"कधी?"

"त्याला त्या मस्कतच्या मॅचमध्ये बाहेर काढून बसवलं ना, त्यानंतरच्या सोमवारी."

आभाचा आवाज चढला. "आणि हे त्याला सांगितलं नाहीस? इतके दिवस? तो तिकडे मार्चच्या भीतीने..."

"शब्द त्याने दिला होता," निनाद म्हणाला. "मी नव्हता मागितला... बरं, मागितला होता. पण दिला त्याने. मी मध्ये पडून सांगायचं, आता खेळ रे, तुझा शब्द माफ? त्याला आवडलं असतं?"

मी म्हटलं, "निनाद, ज्या दिवशी त्याची सगळ्यांसमोर शोभा झाली, त्याच दिवशी तुला तो ऑफिसात नको झाला? मला काही कळत नाही."

तेव्हा तो जे बोलला ते मी तुला जसंच्या तसं सांगतो. तो पोह्यांकडे बघून बोलत होता.

"बाबा, तुम्ही ऐकत होता, मी बघत होतो. त्याला बाकावर बसवलं. बाकीचे बसले की हेल्मेट काढतात, पाणी पितात, गप्पा मारतात. याने हेल्मेट काढलं नाही. मॅच संपेपर्यंत. पट्टासुद्धा सोडला नाही. कोच फिरून त्याच्या समोरून गेला की हा अर्धा उठायचा. कोच पुढे जायचा, हा बसायचा. पुन्हा यायचा, पुन्हा उठायचा. परत बोलावतील म्हणून. कुणीही बोलावणार नव्हतं, मलाही दिसत होतं ते. असल्या मुलाला मी ऑफिसात बसवून करू काय?"

मैथिली तिच्या खोलीतून बाहेर येऊन दारात उभी होती, ती पहिल्यांदा मराठीत बोलली. म्हणाली, "बाबा, हे दादाला सांगा." निनाद म्हणाला, "हो, सांगू," आणि पोहे संपवले.

मला दोघांचाही भयंकर राग आलेला आहे. एक शब्द पाळायला निघालाय, ज्याची कुणाला गरज उरलेली नाही. दुसरा तो शब्द दोन महिने पाठीमागे लपवून बसला, आणि त्याला वाटतं हा मोठेपणा. मध्ये आम्ही, मोतीबिंदू घेऊन.

तर नीट समजून घे. ऑफिस नाही. जागा नाही. मार्चची पहिली तारीख ही साधी तारीख आहे. कोचला आज दुपारच्या आत फोन कर आणि दुसऱ्या जागेवर सही कर. दुसरी जागा कमीपणाची वाटत असेल, तर तुझा बाप तुला कुठल्या जागेवर बसलेलं बघून तुझ्या बाजूला आला, ते वर पुन्हा वाच. शर्ट परत दे. घड्या मोडलेल्या नाहीत, पैसे पूर्ण मिळतील.

आणि मग निनादला फोन कर. तो तुला करणार नाही. ते त्याच्याने होत नाही, होणारही नाही, मी त्याला जन्मापासून ओळखतो. पण उचलेल. ऑफिसला निघायची वेळ होऊन गेली तरी तो हॉलमध्येच आहे. फोन चार्जिंगला लावलाय, म्हणून थांबलोय म्हणतो. मघाशी मी जवळ जाऊन बघितलं. बॅटरी भरलेली आहे.

आजोबा